दोरीमामांची बरगडी

त्या नाट्यगृहात दोन माणसांना सगळे नावाऐवजी पदवीने ओळखत. पहिले दोरीमामा. दुसरे मरणसम्राट.

दोरीमामा दर्शनी पडदा ओढत. डाव्या विंगेत, विटांच्या भिंतीला लागून एका माणसापुरती जागा होती. तिथे एक स्टूल, एक लाल दिवा, खिळ्याला टांगलेला टॉवेल आणि छतातल्या कप्प्यांवरून खाली उतरणारी दोरी. दोरीची एक बाजू ओढली की पडदा मधून दुभंगत जाई, दुसरी ओढली की मिटत येई. यात काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. मामांना तसं कुणी म्हटलं की ते नुसते हसत आणि म्हणत, "या एकदा, ओढून बघा." फार्सचा पडदा टाळी वाजवावी तसा झटकन उघडायचा. घरगुती नाटकाचा पडदा, घरातल्या थोरलीने सकाळी खिडकी उघडावी तसा. आणि शेवटच्या अंकात कुणी मरत असेल तर पडदा इतका सावकाश मिटवायचा की मरणाऱ्याला डोळे मिटायला, रडणाऱ्यांना रडायला आणि पहिल्या रांगेतल्या बायकांना पर्समधून रुमाल शोधायला पुरेसा वेळ मिळावा.

हे शेवटचं कौशल्य मामांनी मरणसम्राटांसाठी कमावलं होतं. मरणसम्राट म्हणजे कंपनीतले ज्येष्ठ नट. लेखक कुणीही असो, नाटक कोणतंही असो, तिसऱ्या अंकात यांचं हृदय बंद पडायचं. त्यांनीच ठेवलेल्या हिशेबाप्रमाणे ते अकराशे वेळा वारले होते. डाव्या हाताची मूठ छातीवर, नजर वर, एक पाऊल मागे, मग खुर्चीच्या पाठीचा आधार, तो निसटणं, आणि देह जमिनीवर. बाहेर हुंदके. आत मामा दोरीवर, बोटाबोटाने पडदा सोडत.

मामी तिथेच कपडेपट सांभाळत. मामी म्हणजे मामांची बायको, पण साऱ्या कंपनीची मामी. तोंडात टाचण्या धरूनही त्या स्पष्ट बोलू शकत, आणि गप्प राहूनही त्यांचं म्हणणं समोरच्याला कळे. असा सुखाचा संसार चालला होता.

चार महिन्यांपूर्वी नवा पडदा आला. गडद मखमल, जाड अस्तर, खाली शिशाची साखळी. जुना सुती पडदा त्याच्यापुढे म्हणजे परकर. उद्घाटनाला सगळ्यांनी मखमलीवरून हात फिरवला. मामांनी दोरी ओढून पाहिली आणि मनात म्हणाले, "बाईसाहेब वजनदार आहेत." त्यातच गेल्या महिन्यात मामांना खोकला झाला. आता विंगेत उभ्या माणसाने खोकायचं नसतं. पुढे प्रेमाचा प्रवेश चालू असताना आडून ठसका आला तर नायिका काय करील? मामा टॉवेल तोंडात कोंबून खोकला आतल्या आत जिरवत. छाती भात्यासारखी हले, आवाज मात्र शून्य.

खोकला गेला आणि कळ आली.

एका दुपारच्या प्रयोगाला पहिला अंक मिटवताना छातीत डावीकडे सुरी खुपसावी तशी कळ उठली. मामांच्या काळजाचा ठोकाच चुकला. पडदा त्यांनी पुरता मिटवला, मग स्टुलावर बसले. दीर्घ श्वास घ्यायला गेले तर पुन्हा कळ. शर्टात हात घालायला गेले, कळ. कुशीवर वळले, कळ. चालताना, जिना चढताना मात्र काही नाही. जिना चढताना काही होत नाही, याचं खरं म्हणजे मामांना नवल वाटायला हवं होतं. पण घाबरलेला माणूस आपल्या सोयीचं काही ऐकत नाही.

आता अशा वेळी कुणीही शहाणा माणूस डॉक्टरकडे जातो. मामा गेले मरणसम्राटांकडे.

हसू नका. एकतीस वर्षं ज्याने हृदयविकार तीन हातांवरून पाहिला, तो दुसऱ्या कुणाकडे जाणार?

मरणसम्राट आरशासमोर बसून भुवया काळ्या करत होते. मामांनी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "साहेब, तुम्ही मरता तेव्हा नेमकं कुठे दुखतं?"

"कुठे म्हणजे? इथे!" त्यांनी सवयीने मूठ छातीवर नेली. "का रे मामा?"

"तसंच होतंय."

मरणसम्राटांच्या हातातली पेन्सिल खाली आली. एक भुवई काळी, एक पांढरी, अशा चेहऱ्याने ते वळले. "डावीकडे?"

"डावीकडे."

"एकदम? सुरीसारखं?"

"अगदी."

"श्वास अडकतो?"

"घेताना दुखतं."

मरणसम्राट उठले, मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिसऱ्या अंकाच्या आवाजात म्हणाले, "मामा, हृदयच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मूठ जरा वर धर. हां. हृदय तिथे असतं. आणि पाऊल मागे टाकताना मागे खुर्ची आहे का बघत जा, नाहीतर डोकं आपटेल."

झालं. निदान पक्कं झालं. मामांनी ताकास तूर लागू दिली नाही. मामींना तर नाहीच. त्यांनी मनाशी ठरवलं, आता दोरी सुटली. भर प्रयोगात, अर्धा पडदा उघडा राहून आपण विंगेत कोसळलो तर? मरण परवडलं, पण अर्धा पडदा? त्या कल्पनेनेच त्यांना घाम फुटे.

सोमवारी ते मॅनेजरांच्या खोलीत गेले. मॅनेजर भला माणूस, फक्त कुठलाही निर्णय घेताना पेन्सिल चावायचा. मामा म्हणाले, "महिनाअखेर मला मोकळं करा. वय झालं."

"अठ्ठावन्न म्हणजे वय?" मॅनेजर म्हणाले. मग पेन्सिल चावून म्हणाले, "मामा, वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही जाणार असाल तर मी दुसरा माणूस ठेवणार नाही. मोटार बसवीन. बटण दाबलं की पडदा उघडला, बटण दाबलं की मिटला. मोटारवाला शुक्रवारी मापं घ्यायला येईल."

"सावकाश मिटतो का त्याने?"

"एकच गती असते. मध्यम."

मध्यम! मामा विंगेत येऊन दोरीला हात लावून उभे राहिले. एकतीस वर्षांची सोबतीण. तिच्या जागी मध्यम गतीचं बटण. छातीतल्या कळेपेक्षा हे जास्त दुखलं, पण करणार काय? हृदयापुढे कुणाचं चालतं?

बिंग फुटलं ते शर्टामुळे. मामा घरात डोक्यातून घालायचा सैल सदरा वापरत. बुधवारी सकाळी मामींनी पाहिलं, सलग आठव्या दिवशी त्यांच्या अंगात पुढून बटणांचा शर्ट. आणि तोही कसा घातला? आधी डावा हात, मग खांदा न हलवता उजवा, एखाद्या पाहुण्याला कोट चढवावा तसा. आयुष्यभर दुसऱ्यांना कपडे चढवलेली बाई ती. तिच्यापासून हात लपेल, पण बाही लपायची नाही.

"अहो, हात वर करा."

"कशाला?"

"बाहीचं माप घ्यायचंय."

मामांनी हात वर केला, खांद्यापर्यंत आला आणि चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला. दोन मिनिटांत सगळं बाहेर पडलं. कळ, मरणसम्राट, मॅनेजर, मोटार. मामींनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. तेवढ्यात मामांना कळलं की आता खरं मरण आहे.

"दोन आठवडे? मरणसम्राटांना सांगितलंत, मॅनेजरांना सांगितलंत, आणि मला?"

"अगं, तू घाबरली असतीस."

"घाबरले असते! मग? तुमच्यासाठी घाबरायचा हक्क माझा आहे, त्या भुवईवाल्याचा नाही. चला."

दवाखान्यात खिडकीमागे बसलेल्या बाईंनी कागदावरून मान न उचलता विचारलं, "काय होतंय?"

मामांना सांगायला शब्द सुचेनात. आयुष्यभर ज्याने संवाद फक्त ऐकले, तो ऐनवेळी काय बोलणार? मग जे येत होतं ते त्यांनी केलं. मूठ छातीवर, नजर वर, एक पाऊल मागे. मागे खुर्ची आहे का तेही पाहिलं. नव्हती.

पुढचं सगळं फार वेगात झालं. बाई किंचाळल्या, दोघं धावत आले, मामा स्ट्रेचरवर, स्ट्रेचर दारातून आत, आणि शर्ट उघडायला वेळ नव्हता म्हणून कुणीतरी दोन्ही बाजूंनी ओढला. बटणं टणाटण फरशीवर उडाली.

"बटणं! अहो, कालच लावलीत मी!" मामी स्ट्रेचरमागे धावता धावता ओरडल्या, आणि मग एकदम रडू लागल्या. बटणांसाठी नव्हे, हे सांगायला नकोच.

मामांच्या छातीवर चिकटपट्ट्या लावून हृदयाचा आलेख काढला. रक्त घेतलं. छातीचा एक्सरे काढला. काही तासांनी पुन्हा आलेख, पुन्हा रक्त. मधल्या वेळात मामा छताकडे बघत पडले होते आणि मामी खाटेच्या कडेला बसून ओंजळीतली सहा बटणं मोजत होत्या. सातवं सापडलं नव्हतं.

दुपारी डॉक्टर आल्या. मुलीच्या वयाच्या, कानावर पेन खोचलेलं, पायात धावायचे बूट.

"काका, हृदयाचे सगळे कागद छान आहेत. दोन्ही वेळचे. आता सांगा, कुठे दुखतं?"

मामांची मूठ निघाली.

"ते नको. ते सगळ्या मजल्याने पाहिलंय. मूठ सोडा. एकच बोट घ्या आणि नेमकं दुखतं तिथे टेकवा."

एक बोट? दोन आठवड्यांत मामांच्या हे मनातही आलं नव्हतं. मरणसम्राटांनी मूठ शिकवली होती, मामा मूठच धरून बसले होते. आता बोट छातीवरून चालत गेलं, चाचपडलं, मधल्या हाडाच्या डाव्या कडेपाशी थांबलं. "इथे."

"इथेच? खाली?"

"खाली थोडं कमी. वर नाही."

डॉक्टरांनी स्वतःचं बोट तिथे ठेवलं आणि दाबलं. मामांच्या तोंडून अशी आरोळी निघाली की शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ उठून बसले.

"हीच कळ? पडदा ओढताना येते तीच?"

"हुबेहूब!"

डॉक्टर समाधानाने हसल्या. मामांना रागच आला. माणूस केकाटतोय आणि या हसतात?

मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली. "काका, बरगड्या पाठीकडून गोल फिरून पुढे येतात. पण मधल्या हाडाला थेट चिकटत नाहीत. हाड आणि हाड यांच्यामध्ये कूर्चेचा तुकडा असतो. आपल्या कानाचा वरचा भाग कसा लवतो, तसली वस्तू. म्हणून तर श्वास घेतला की छाती फुगते. त्या सांध्याला दाह झालाय. बाहेरून सूज दिसत नाही, पण दुखणं पक्कं. याला कॉस्टोकॉन्ड्रायटिस म्हणतात."

"नाव लांबलचक आहे," मामी काळजीने म्हणाल्या. "म्हणजे मोठंच असणार."

"नाव मोठं, दुखणं साधं. काका, पडदा ओढता कसा, ते जरा हवेत दाखवा."

मामांनी दाखवलं. पाय जागच्या जागी रोवलेले, कारण पाऊल वाजता कामा नये. मान बाहेर, कारण रंगमंच दिसायला हवा. उजव्या हाताने दोरीला नुसता आधार, आणि सारी ओढ डाव्या हाताची, छातीवरून आडवी.

"असं एकतीस वर्षं?"

"आधीचा पडदा हलका होता हो."

खोकल्याची हकिकत ऐकल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मखमल, एक हात, शिवाय दाबलेला खोकला. त्या कूर्चेने तरी किती सोसायचं? आणि हृदय आहे असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"आमचे ज्येष्ठ नट. अकराशे वेळा वारलेत ते."

"मग अनुभव दांडगा आहे," डॉक्टर म्हणाल्या, आणि मग हसू आवरून पुढे वाकल्या. "पण आता नीट ऐका. तुम्ही दोन आठवडे अंगावर काढलंत, ते चुकलंच. दाबून दुखतं म्हणून हृदय ठीक, असं मी म्हणत नाही. सगळ्या तपासण्या पाहिल्या, म्हणून म्हणतेय. पुढे कधी छाती आवळल्यासारखी वाटली, घाम सुटला, दम लागला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर नटाला विचारायचं नाही, मॅनेजरला विचारायचं नाही. तडक इथे यायचं. कळलं?"

"कळलं," मामी म्हणाल्या. मामांच्या वतीने त्यांनी ते कायमचं कळून घेतलं.

"बाकी शेक द्या. गोळ्या देते, त्या थोडेच दिवस आणि जेवल्यावरच घ्यायच्या. जड उचलायचं नाही. हळूहळू जाईल, मधूनच डोकावेल, तेव्हा घाबरायचं नाही. आणि दोरी सहा आठवडे बंद."

मामांचा जीव भांड्यात पडला होता तो त्या शेवटच्या वाक्याने पुन्हा बाहेर आला. हृदय शाबूत आहे, म्हणजे दोरी आपली. पण दोरी सहा आठवडे बंद, आणि मोटारवाला परवा येणार!

गुरुवारी मॅनेजरांच्या खोलीत सभा भरली. मामा, मामी आणि मरणसम्राट. सम्राटांचा चेहरा पडलेला होता. चुकीच्या निदानाची त्यांना मनापासून लाज वाटत होती, आणि शिवाय मोटारीची बातमी त्यांना आत्ताच कळली होती.

"मध्यम गती?" ते थरथरत्या आवाजात म्हणाले. "मी मध्यम गतीने मरू?"

"साहेब, तुमचा विषय नाही हा," मॅनेजर म्हणाले. "मामा, राजीनामा तुम्हीच दिलात."

"परत द्या."

"देतो. पण सहा आठवडे दोरी ओढणार कोण? विजेचं काम करणारे आपल्या जागेवर, नेपथ्याचे आपल्या जागेवर. माणूस आहे कुठे?"

"मी आहे," मामी म्हणाल्या.

मॅनेजरांनी पेन्सिल तोंडात घातली. "मामी, आणि कपडेपट?"

"पडदा उघडताना सगळे कपडे घालून रंगमंचावर उभे असतात. मिटताना पण. तेव्हा कपडेपटात मी हँगरशी गप्पा मारत असते."

बराच वेळ पेन्सिल चावून मॅनेजर म्हणाले, "मोटारवाला मापं घेऊन जाईल. रविवारी फार्सचा प्रयोग आहे. मामी, पडदा एकदा जरी अडकला, तरी मोटार."

शनिवारी रिकाम्या नाट्यगृहात तालीम झाली. मामांचे दोन्ही हात मामींनी पाठीमागे ठेवायला लावले होते. मामा ओरडत होते, "अगं, दोन्ही हात! अंगाजवळ! गुडघे वाकव, सगळं अंग खाली जाऊ दे, हाताने ओढू नकोस!" हे सगळं त्यांना दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी शिकवलं होतं, आणि शिकताना ते मनात म्हणाले होते, हे एकतीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर!

"पाय हलवल्याशिवाय अंग खाली जाईल कसं?" मामी म्हणाल्या.

"पाय वाजतात ना!"

मामींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू एवढी वर्षं एका खुळ्याशी संसार केल्याचं आजच उमगलं. घरी जाऊन त्यांनी जुन्या कोटाच्या लोकरी कापडाचे जाड तळवे कापले आणि चपलांना खालून शिवून टाकले. दुसऱ्या दिवशी त्या विंगेत चालत गेल्या आणि मरणसम्राटांना मागून आल्याचा पत्ताच लागला नाही. ते खरंच दचकले, आणि हात छातीवर नव्हे, पोटावर गेला.

रविवारी मामांना विंगेत यायला बंदी झाली. हात दोरीकडे गेल्याशिवाय राहणार नाही, असं मामींचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. मॅनेजरांनी त्यांना सातव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं.

तिसरी घंटा झाली. दिवे मंदावले. मामा समोर बघतच राहिले. प्रयोगाच्या वेळी आजवर त्यांनी पडद्याची पाठच पाहिली होती. ते करडं अस्तर, त्यावरची टाक्यांची रांग. पुढून ही मखमल जांभळाच्या रंगाची होती आणि तळच्या दिव्यांनी तिच्या घड्यांत उजेड साचला होता. हे असं दिसतं होय!

पडदा हलेना. एक, दोन, तीन. मामा खुर्चीतून अर्धे उठले. दोरी कप्पीवरून उतरली असेल. डाव्या कप्पीला तेल कमी पडतं, ते सांगायचं राहिलं. चार, पाच. शेजारच्या बाई कुजबुजल्या, "काका, बरं वाटत नाही का?"

"मी ठीक आहे हो. बायको—"

आणि पडदा उघडला. झटकन, एका दमात, जराही न थरथरता. पुढे सोफ्याखाली लपलेला नवरा दिसला आणि सगळं सभागृह खो खो हसलं. मामाही हसले, तेव्हा बरगडी कळवळली, तरी हसले. मग नवऱ्याची सासू आली, मग खोटा इन्स्पेक्टर आला, मग खरा आला. मामांनी या फार्सचे दीडशे प्रयोग एका बाजूने, अर्ध्या चेहऱ्यांचे पाहिले होते. आज पूर्ण माणसं दिसत होती. इन्स्पेक्टरच्या मिशीचा पलीकडचा भागही तितकाच गमतीचा आहे, हे त्यांना आज कळलं. दिवे लागले, लोक उठून बाहेर निघाले, तेव्हा ते डोळे पुसत होते.

मध्यंतर झालं होतं. म्हणजे पडदा मिटला होता. कधी मिटला?

ते धडपडत आत गेले. मामी त्यांच्याच स्टुलावर बसल्या होत्या. तळहात लालबुंद, कपाळावर घाम, पण ऐट अशी की अख्खं नाट्यगृह त्यांचंच.

"इतका वेळ का लावलास उघडायला? माझा जीव गेला बाहेर!"

"सोफ्याखालच्याचा पाय बाहेर होता. आत घे म्हणून खुणावत होते." त्या म्हणाल्या. "ते राहू द्या. मिटवला कसा, ते सांगा."

मामा गोंधळले. "ते... मी पाहिलंच नाही. नाटकात रंगलो होतो."

मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं की तेवढं कुठल्याही टाळीने आलं नसतं. इतक्यात मॅनेजर आले. हातात मोटारवाल्याच्या मापांचा कागद होता. त्याच्या चार घड्या करून त्यांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू. किंवा त्याच्या पुढच्या." आणि पेन्सिल न चावता निघून गेले.

मामांनी खिळ्यावरचा टॉवेल काढून मामींना दिला. "सहा आठवड्यांनी दोरी परत देशील ना?"

"विचार करीन."

"निदान मरणाचा पडदा तरी? तो तुला नाही जमायचा."

"शिकवलात तर जमेल. निम्मे प्रयोग तुमचे, निम्मे माझे. एवढी जड मखमल एका माणसाने ओढायची नसते, त्या डॉक्टरीणबाईंनाच विचारा." मामींनी हात पुसले, लोकरी चपला सारख्या केल्या आणि दोरीशी उभ्या राहिल्या. बाहेर पहिली घंटा झाली. "आता जा बघू, जागेवर जाऊन बसा. प्रेक्षकांना विंगेत उभं राहू देत नाहीत."